औषधी वनस्पतींचा डेटाबेस बंद करू नका: ग्रंथालय व्यवस्थापन समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
ग्रंथालय व्यवस्थापन समिती,
यांस सविनय नमस्कार.

नैसर्गिक औषधं आणि पूरक आहार, म्हणजे बोलीत ज्याला आपण सप्लिमेंट म्हणतो, यांची माहिती देणाऱ्या 'नॅचरल मेडिसिन्स' या डेटाबेसची वर्गणी येत्या वर्षापासून भरायची नाही, असा ठराव आपण केला आहे. तशी सूचना संदर्भ विभागाच्या फलकावर लागली आहे. सूचनेत तीन कारणं दिली आहेत. वापर कमी आहे, ही माहिती इंटरनेटवर फुकट मिळते, आणि औषधांविषयी सल्ला देणं हे ग्रंथालयाचं काम नव्हे. मी आधी संदर्भ विभागात विचारणा केली, मग लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. या ठरावाचा फटका माझ्या एकटीला बसणार नाही, म्हणून हे पत्र आपल्या नावे, पण सगळ्या वाचकांसमोर लिहिते आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगायला हवं. माझ्या शरीरात आज जे मूत्रपिंड काम करतं आहे ते माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. ते टिकावं म्हणून मी रोज टॅक्रोलिमस घेते. शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं हे औषध. त्याची रक्तातली पातळी ठरलेल्या मर्यादेतच राहावी लागते. खाली घसरली तर शरीर त्या मूत्रपिंडाला परकं समजून त्याच्यावर हल्ला करू लागतं. वर गेली तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करतं. आणि ही मर्यादा फार अरुंद असते. टॅक्रोलिमसचं विघटन प्रामुख्याने यकृतातल्या आणि आतड्यांतल्या 'सीवायपी ३ए४' या विकरामुळे (एन्झाइममुळे) होतं. हे विकर काही वनस्पतींमुळे वेगाने काम करू लागतं, तर काहींमुळे मंदावतं. म्हणून 'नैसर्गिक आहे, घेऊन बघायला काय हरकत' हे वाक्य मी फार ऐकते आणि दर वेळी सावध होते.

हे वाक्य बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांना मनापासून वाटतं की मी बरी राहावी. कुणी थकवा जाईल म्हणून अश्वगंधा सुचवतं, कुणी सर्दीसाठी एकिनेशिया, कुणी सांध्यांसाठी हळदीच्या अर्काची कॅप्सूल. मी नाव लिहून घेते आणि ग्रंथालयात येऊन डेटाबेसमध्ये पाहते. मग त्यातलं जे विचारण्यासारखं असेल ते टिपण घेऊन डॉक्टरांकडे जाते. तपासणीला मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत 'हे घेऊ का?' असं नुसतं विचारणं वेगळं. 'हा पदार्थ टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतो अशी नोंद आहे, माझ्या बाबतीत काय करावं?' असं विचारलं की डॉक्टरही थांबून उत्तर देतात. मला ते थांबणं या डेटाबेसमुळे मिळालं आहे.

समितीतल्या सदस्यांपैकी किती जणांनी तो उघडून पाहिला आहे हे मला ठाऊक नाही. म्हणून त्यात काय असतं ते थोडं विस्ताराने लिहिते.

वनस्पतीचं किंवा घटकाचं नाव घातलं की एक सविस्तर टिपण उघडतं. त्याला मोनोग्राफ म्हणतात. त्यात त्या पदार्थाची इतर नावं असतात, सुरक्षिततेची प्रतवारी असते, कोणत्या तक्रारीवर किती उपयोग होतो याची प्रतवारी असते. कोणत्या औषधाशी जमत नाही, कोणत्या आजारात टाळावं, कोणत्या रक्ततपासणीचा निकाल त्यामुळे बिघडतो, शरीरात तो काम कसा करतो, हे सगळं वेगवेगळ्या भागांत दिलेलं असतं. महत्त्वाच्या विधानांना संदर्भ जोडलेले असतात आणि तिथून मूळ अभ्यासापर्यंत जाता येतं. औषधाशी होणारी आंतरक्रिया तीन अंगांनी तोललेली असते. झाली तर किती गंभीर, होण्याची शक्यता किती, आणि हे सांगायला पुरावा कोणत्या दर्जाचा आहे. परिणामकारकतेच्या पायऱ्या 'परिणामकारक'पासून 'निष्प्रभ'पर्यंत उतरत जातात आणि त्यांच्या शेवटी एक स्वतंत्र शेरा असतो: ठरवण्यापुरता विश्वासार्ह पुरावा नाही. हा शेरा फार ठिकाणी भेटतो. विक्रीसाठी लिहिलेल्या मजकुरात तो सापडणार नाही.

सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचंच पाहा. सौम्य ते मध्यम नैराश्यावर ती उपयोगी पडते, याला बऱ्यापैकी आधार आहे. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासून आढावे काढते; तिच्या २००८ च्या आढाव्यात २९ चाचण्या एकत्र पाहून तसा निष्कर्ष काढला होता. म्हणजे ही वनस्पती थोतांड नाही. पण तीच वनस्पती वर सांगितलेल्या विकराला जोमाने कामाला लावते. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची नोंद आली. ते सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेत होते, त्यात सेंट जॉन्स वर्टची भर पडली, औषधाची पातळी घसरली आणि शरीराने नवं हृदय नाकारायला सुरुवात केली. त्याच वर्षी निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या एका अभ्यासात इंडिनाव्हिर या एचआयव्हीवरील औषधाचं रक्तातलं एकूण प्रमाण या वनस्पतीमुळे सरासरी ५७ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करू शकते. एकाच पानावर उपयोग आणि धोका शेजारी शेजारी वाचता आले, म्हणून मला या वनस्पतीचं पूर्ण चित्र कळलं. नुसतं 'नैराश्यावर नैसर्गिक उपाय' असं शोधलं असतं तर पहिली बाजू भरभरून मिळाली असती आणि दुसरी कदाचित मिळालीच नसती.

हळदीचं उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचं आहे. प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाने मोठ्या मात्रेत हळद घेतल्यावर टॅक्रोलिमसची पातळी वाढली आणि मूत्रपिंडावर परिणाम झाला, अशी नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. ही एका माणसाची हकिकत आहे, चाचणी नव्हे. डेटाबेस तिला तेवढंच वजन देतो. हळदीच्या अनेक कॅप्सूलमध्ये मिरीतलं पाइपरिन मुद्दाम घातलेलं असतं, कारण त्यामुळे हळदीतलं कर्क्युमिन जास्त शोषलं जातं. शोषण वाढवणारा तो घटक औषधांच्या विघटनातही ढवळाढवळ करू शकतो. म्हणजे प्रश्न फक्त हळदीचा राहत नाही. डबीवरच्या बारीक अक्षरांत आणखी काय आहे, तेही पाहावं लागतं. एका रुग्णाची नोंद, प्रयोगशाळेतला अंदाज आणि हजारो माणसांवरची चाचणी यांत फरक करायला मी इथेच शिकले. हे शिकायला मला कुठल्याही पदवीची गरज पडली नाही. संदर्भ विभागातल्या एका जाणत्या माणसाने शेजारी बसून मोनोग्राफ कसा वाचायचा ते दाखवलं, एवढंच.

आता सूचनेतल्या कारणांकडे येते.

वापर कमी आहे, हे खरं असेल. पण तो कमी का आहे हे समितीने तपासलं का? हा डेटाबेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर 'इतर ई-साधने' या मथळ्याखाली, बऱ्याच खाली दडलेला आहे. तो फक्त इमारतीतल्या संगणकावर उघडतो. संदर्भ विभागातला एक संगणक बरेच दिवस बंद पडून आहे. नव्या सभासदाला दिल्या जाणाऱ्या पत्रकात त्याचा उल्लेख नाही, आणि तो कसा वापरावा याचं एकही प्रशिक्षण झालेलं मला आठवत नाही. जे साधन वाचकांना दाखवलंच नाही त्याला वाचक नाहीत, असं म्हणणं न्याय्य नाही. शिवाय मोजणी लॉगिनची होते. संदर्भ विभागातल्या कर्मचाऱ्याने एकदा लॉगिन करून समोर आलेल्या चार माणसांना उत्तरं दिली, तर आपल्या हिशेबात तो एकच वापर धरला जातो. ज्या वृद्ध वाचकांना संगणक हाताळता येत नाही ते असंच विचारतात. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतलं तर चालतं का, असं विचारणारे एक आजोबा मी पाहिले. त्यांना छापील पान मिळालं की दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर कॅल्शियममुळे त्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. ते पान घडी करून खिशात घालून ते डॉक्टरांना दाखवायला गेले. आकडेवारीत त्या आजोबांची नोंद कुठेच नसेल.

दुसऱ्या कारणावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण ते ऐकायला पटण्यासारखं वाटतं.

इंटरनेटवर माहिती फुकट आहे, यात शंका नाही. वैद्यकीय संशोधन लेखांची 'पबमेड' ही सूची सर्वांना खुली आहे आणि त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. पण तिथे बहुतेक वेळा सारांशच वाचायला मिळतो, पुष्कळ पूर्ण लेख कुलुपबंद असतात. आणि पबमेड कुठलीही नोंद तोलून देत नाही. स्मरणशक्तीसाठी गिंको, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, घ्यावा का, असं तिथे शोधलं तर लहान लहान आशादायक अभ्यासांची रांग लागते. त्यांत २००८ साली प्रसिद्ध झालेली ३,०६९ वृद्धांची चाचणीही असते. त्या चाचणीत रोज २४० मिलिग्रॅम गिंको घेऊनही स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी झालं नाही. दोन्ही गोष्टी फुकट उपलब्ध आहेत. विकणारा पहिल्या रांगेतलं उचलतो. सामान्य वाचकाला कोणत्या अभ्यासाला किती वजन द्यायचं ते कळायला मार्ग नसतो. ते वजन करण्याचं काम करणाऱ्या माणसांना पगार द्यावा लागतो, आणि आपली वर्गणी त्यासाठी असते. डेटाबेस सप्लिमेंट बनवणाऱ्यांच्या जाहिरातींवर चालण्याऐवजी वाचकांच्या वर्गणीवर चालावा, यातच वाचकाचं हित आहे.

वजन न करता पुढे गेलं तर काय होतं याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा कॅरोटिन जास्त असतं त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं निरीक्षणांतून दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या गटात हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी १९९६ साली मुदतीआधीच थांबवावी लागली. ई जीवनसत्त्वाचं तेच. पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग टळेल या आशेने ३५,००० हून अधिक पुरुषांवर चाचणी झाली आणि २०११ च्या अहवालात नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी जास्त निघाला. तरीही अशा पदार्थांना लावला जाणारा 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आजही डब्यांवर ठळक अक्षरांत छापला जातो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी ते उपयोगी किंवा सुरक्षित आहे असं सरकारकडे सिद्ध करून मंजुरी घ्यावी लागत नाही. जगभर ऑनलाइन विकला जाणारा फार मोठा माल याच व्यवस्थेतून येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की एकट्या अमेरिकेत दर वर्षी सुमारे २३,००० वेळा माणसं सप्लिमेंटमुळे झालेल्या त्रासासाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येतात.

फुकट साधनांत उत्तम साधनंही आहेत आणि मी ती वापरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा आहार-पूरकांचा विभाग जीवनसत्त्वं आणि खनिजांवर चांगली माहितीपत्रकं काढतो. मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयाचा वनौषधींचा संग्रह सर्वांना खुला आहे. यकृताला होणाऱ्या इजेबद्दल 'लिव्हरटॉक्स' आहे. पण ही साधनं एका वेळी एका पदार्थाबद्दल सांगतात. माझ्या सगळ्या औषधांची यादी, तिच्यात एक नवी कॅप्सूल, आणि यातलं कुणाचं कुणाशी वाकडं आहे, हा प्रश्न मी त्यांना विचारू शकत नाही. या डेटाबेसमध्ये यादी एकत्र घालून तपासता येते. कोणतं औषध शरीरातलं कोणतं पोषकद्रव्य कमी करतं तेही तिथे दिसतं. टॅक्रोलिमसमुळे मॅग्नेशियम घटतं. मला पायात गोळे का येतात हे डॉक्टरांना विचारण्याचं धाडस मला या माहितीने दिलं. संगणकाला प्रश्न विचारून तयार उत्तर मिळवण्याचा नवा मार्गही कुणी मला सुचवला. त्या उत्तरांत दिलेले संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात, आणि ते नाहीत हे तपासायलाही पुन्हा ग्रंथालयातच यावं लागतं.

तपासण्यांचा मुद्दा सूचनेत नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. केस आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असतं. ते रक्तात जास्त झालं की काही तपासण्यांचे निकाल चुकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली त्याबद्दल इशारा दिला. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिलं जाणारं ट्रोपोनिन हे रक्तातलं प्रथिन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं, थायरॉइडचे आकडे भलतेच येऊ शकतात. माझ्यासारखीचं आयुष्य रक्ततपासणीच्या आकड्यांवर चालतं. डेटाबेसमध्ये प्रत्येक पदार्थासाठी तपासण्यांचा वेगळा भाग असतो, आणि हा भाग किती जणांना ठाऊक आहे याची मला काळजी वाटते.

तिसरं कारण, की सल्ला देणं हे ग्रंथालयाचं काम नव्हे. मान्य आहे. कुणीही सल्ला मागत नाही. संदर्भ विभागाने मला आजवर 'हे घ्या' किंवा 'हे घेऊ नका' असं एकदाही सांगितलेलं नाही. त्यांनी शोधायला शिकवलं. पहिलं सांगितलं ते हे, की बाजारातल्या नावाने शोधू नका, शास्त्रीय नावाने शोधा. हे किती मोलाचं आहे ते मूत्रपिंडाच्या रुग्णाला विचारा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकने वजन कमी करण्याच्या उपचारात चिनी वनौषधी द्यायला सुरुवात केली. त्यात स्टेफानिया टेट्रांड्रा असायला हवी होती. चिनी नावांतल्या साधर्म्यामुळे तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची आली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी झाली. सुमारे १०० रुग्ण, त्यात बहुतेक स्त्रिया. अनेकींना डायलिसिस आणि प्रत्यारोपण करावं लागलं आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३ साली ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. त्या स्त्रिया बारीक होण्यासाठी गेल्या होत्या, मूत्रपिंडाचा आजार त्यांना नव्हता. डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ही गोष्ट वाचताना काय वाटतं ते मी शब्दांत मांडू शकणार नाही. वनस्पतीचं नेमकं नाव शोधून देणं, त्याच नावाने ओळखली जाणारी दुसरी वनस्पती कोणती ते दाखवणं, हे शुद्ध ग्रंथालयाचं काम आहे. ग्रंथपालाइतकं ते कुणीच चांगलं करू शकत नाही.

डेटाबेसला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्याचं मला कारण नाही. डबीवर लिहिलेलं डबीत आहे का, हे तो सांगू शकत नाही. अमेरिकेत २००७ ते २०१६ या काळात सप्लिमेंट म्हणून विकल्या गेलेल्या ७७६ उत्पादनांत न सांगितलेली औषधं मिसळलेली सापडली, त्यातली बहुतेक लैंगिक शक्ती वाढवणारी, वजन घटवणारी आणि स्नायू वाढवणारी होती. मोनोग्राफ वाचून ही भेसळ कळणार नाही. पण कोणत्या प्रकारच्या उत्पादनांत असा धोका जास्त आहे ते वाचकाला इथे कळतं. आणि वाचलेलं डॉक्टरांना किंवा औषधतज्ज्ञाला दाखवावंच लागतं, हे तर आहेच.

एका गोष्टीने मला फार दुःख झालं, ते स्पष्ट सांगते. ज्या काळात हा ठराव चर्चेत होता, त्याच काळात ग्रंथालयाच्या सभागृहात सप्लिमेंट विकणाऱ्या एका मंडळींचं 'आरोग्य मार्गदर्शन' झालं. वाचनकक्षाच्या टेबलांवर त्यांची पत्रकं ठेवली होती. त्यांत मधुमेह, सांधेदुखी, थायरॉइड, वंध्यत्व, सगळ्यांवर एकच डबी होती. ग्रंथालयात मिळालेला कागद म्हणून लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. तोललेली माहिती काढून टाकायची आणि विक्रेत्याच्या पत्रकाला टेबल द्यायचं, हे या संस्थेला शोभत नाही. सभागृह भाड्याने देताना हे लक्षात आलं नसेल, असं मी धरून चालते. पण आता लक्षात आणून दिलं आहे.

खासगीपणाचाही विचार झालेला नाही. चालू असलेला एकमेव संगणक दाराच्या अगदी समोर आहे. नैराश्य, लैंगिक तक्रारी, गर्भधारणा, व्यसन यांबद्दल माणसं इथे शोधतात, कारण डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला संगणकाचा पडदा दिसत असेल तर ती शोधणार नाहीत, आणि पुन्हा आपण म्हणणार की वापर कमी आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ठरावाला स्थगिती द्या आणि किमान एका वर्षासाठी वर्गणी चालू ठेवा. त्या वर्षात हे साधन खरोखर लोकांपर्यंत पोहोचवा. दुवा मुखपृष्ठावर आणा, सभासद क्रमांकाने घरून उघडता येईल अशी सोय प्रकाशकांकडे मागा, बंद संगणक दुरुस्त करा आणि एक संगणक अशा कोपऱ्यात ठेवा जिथे वाचणाऱ्याला एकांत मिळेल. कुणी काय शोधलं याची नावानिशी नोंद ठेवली जाणार नाही, हे लेखी जाहीर करा. दर महिन्याला संदर्भ विभागाने एक तासाचा वर्ग घ्यावा. शास्त्रीय नावाने शोध कसा घ्यायचा, प्रतवारी कशी वाचायची, संदर्भावरून मूळ अभ्यासापर्यंत कसं जायचं, त्या अभ्यासात माणसं किती होती, मात्रा किती होती, पैसा कुणाचा होता हे कुठे पाहायचं, एवढं पुरे. मी स्वतः त्या वर्गात मदतीला बसायला तयार आहे आणि माझ्यासारखे आणखी रुग्ण येतील.

वर्षाच्या शेवटी वापराचे आकडे जाहीर करा. त्यांत कर्मचाऱ्यांनी वाचकांसाठी केलेला शोधही मोजा. मग निर्णय घ्या, आणि घेण्याआधी वाचकांना सभेत बोलू द्या. हा ठराव कुणालाही न विचारता झाला, ही माझी तक्रार आहे.

पैशांची अडचण खरी असेल तर ती आकड्यांसह मांडा. एकट्याने वर्गणी भरण्यापेक्षा अनेक ग्रंथालयांनी एकत्र येऊन भरली तर भार वाटला जातो. डेटाबेससाठी ही पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. जवळच्या वैद्यकीय किंवा औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हा डेटाबेस असेल तर आपल्या सभासदांना तिथे बसून वापरता यावा, असा करार होऊ शकतो का तेही विचारा. आणि सगळे मार्ग बंद झाले तर निदान वर सांगितलेल्या खुल्या साधनांचं एक नीट पान संदर्भ विभागाकडून तयार करून घ्या, त्यांच्या मर्यादा त्यावरच लिहा, आणि आठवड्यातले काही तास जाणत्या कर्मचाऱ्याला याच कामासाठी मोकळे ठेवा. हा पर्याय अपुरा आहे हे मी आत्ताच सांगून ठेवते, पण काहीच नसण्यापेक्षा बरा आहे.

आरोग्याशी संबंधित काहीही विकणाऱ्यांना सभागृह आणि वाचनकक्ष वापरू द्यायचा नाही, असा नियम करा. टेबलांवर उरलेली पत्रकं काढून टाका.

वर्गणीची मुदत संपायला अजून अवधी आहे, म्हणून निर्णय फिरवणं शक्य आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि मला बोलायला वेळ द्यावा, ही विनंती. या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवण्याऐवजी, जिथे ठरावाची सूचना लावली आहे त्याच फलकावर लेखी लावावं.

आपली,
ग्रंथालयाची एक सभासद